वनौषधींपासून कार्बन डॉट्स: उजेड नेमका कशाचा?

तुळस, हळद, आले अशा एखाद्या वनौषधीपासून चमकणारे नॅनोकण तयार झाले आणि आता कर्करोगावर इलाज सापडला, अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांतला पहिला भाग खरा असतो. दुसऱ्याविषयी बोलण्याआधी हे कण चमकतात कशामुळे ते पाहायला हवे.

कार्बन डॉट्स म्हणून ओळखले जाणारे हे कण साधारणतः 10 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. 2004 साली अमेरिकेत काजळीतून कार्बनच्या नॅनोनलिका वेगळ्या करताना ते अनपेक्षितपणे हाती लागले. ज्या क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे अर्धवाहक पदार्थांच्या चमकणाऱ्या नॅनोकणांच्या, संशोधनाला 2023 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांतल्या अनेकांमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. कार्बन डॉट्समध्ये त्याची गरज नसल्यामुळे वैद्यकीय संशोधक त्यांच्याकडे वळले.

पानांचा अर्क टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करून 160 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाला काही तास ठेवतात. 180 अंशांना आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दहापट होतो, त्यामुळे पाणी द्रवरूपच राहते. अर्कातली शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि प्रथिने यांच्यातून पाण्याचे रेणू निसटतात, उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू कार्बनच्या षटकोनी कड्यांचे छोटे ठिगळ तयार होते. त्याच्या कडांना हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल आणि अमिनो असे अणूंचे छोटे गट चिकटलेले राहतात. त्यांच्यामुळेच कण पाण्यात मिसळतात आणि त्यांना औषधाचे रेणू जोडता येतात.

अतिनील प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि खाली येताना उरलेली ऊर्जा निळ्या किंवा हिरव्या प्रकाशाच्या रूपाने देतो. यालाच फ्लुरोसन्स म्हणजे प्रतिदीप्ती म्हणतात. ठिगळ जितके लहान, तितके दोन पातळ्यांमधले अंतर मोठे आणि प्रकाश अधिक निळा. पण कडांवरचे गटही मधल्या पातळ्या निर्माण करतात, आणि कणाकणांत त्या वेगळ्या असतात. म्हणून टाकलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलली की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंगही सरकतो. एकाच प्रकारच्या रेणूंच्या द्रावणात सहसा असे घडत नाही.

खरी मेख पुढे आहे. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन तापवून केलेल्या कणांच्या निळ्या उजेडाचा मोठा वाटा त्याच भांड्यात तयार झालेल्या एका लहानशा सेंद्रिय रेणूचा असतो, असे आढळले आहे. वनस्पतीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्कावर अतिनील दिवा धरला तर त्यातले हरितद्रव्य लालभडक चमकते. हळदीतले कर्क्युमिनही स्वतःच चमकते. त्यामुळे तयार द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरून ती पाण्यात बुडवून ठेवावी लागते. लहान रेणू बाहेर झिरपतात, मोठे कण आत राहतात. अशा वेळी पिशवीबाहेरचे पाणीसुद्धा तपासलेले असावे. तेच जास्त चमकत असेल, तर कणांचे श्रेय कमी करावे लागते.

औषधी वनस्पतीचा गुण या कणांत उतरतो, हे गृहीतक मला श्रद्धेच्या जवळचे वाटते. इतक्या तापमानात मूळ औषधी रेणूंपैकी बरेचसे मोडतात, आणि असे कण साध्या साखरेपासूनही बनतात. आल्याच्या रसापासून केलेल्या कणांनी प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या, हे खरे. पण माणसावरचा उपचार अजून फार लांब आहे. गुण वनस्पतीचाच आहे असे म्हणायचे तर औषधी नसलेल्या पाल्यापासून त्याच कृतीने केलेले कण तुलनेला हवेत.

शरीरात खोलवर पाहण्यासाठी निळा उजेड फारसा उपयोगी नाही, कारण रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते आणि ऊतीही स्वतः थोड्या निळसर-हिरव्या चमकतात. तिथे 650 नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश देणारे कण लागतात, आणि ते बनवणे अवघड आहे. त्यातच पानांतली रसायने ऋतू आणि मातीनुसार बदलतात, त्यामुळे एका खेपेचे कण दुसऱ्या खेपेशी जुळतीलच असे नाही.