अभिजात मोटारींतील प्लॅस्टिक भागांचे जतन

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना तिचे मूळ, ठिसूळ झालेले प्लॅस्टिकचे भाग शक्यतो न बदलता टिकवण्याची पद्धती. स्टिअरिंगचे आवरण, डॅशबोर्ड, मुठी, बटणे व टेललाइटच्या काचा (ही केवळ बोलण्याची रीत, त्या बहुधा ॲक्रिलिकच्या असतात) यांचा त्यात समावेश होतो.

मोटारीत प्लॅस्टिक केव्हा आले, याविषयी एकवाक्यता नाही. एबोनाइट म्हणजे कडक रबर हे प्लॅस्टिक मानल्यास सुरुवात मोटारीच्या आरंभकाळाजवळ जाते. पूर्णतः कृत्रिम द्रव्यच मोजल्यास ती लिओ बेकलंड यांच्या बेकेलाइटनंतर (१९०७), साधारणपणे १९१० च्या दशकात, विद्युत् निरोधक भागांपासून धरावी लागते. जतनाच्या दृष्टीने पहिले मत सोयीचे आहे, कारण एबोनाइटही उजेडात तपकिरी पडते.

स्टिअरिंगला तडे का जातात, हाही वादाचा विषय. सेल्युलोज ॲसिटेट या जुन्या प्लॅस्टिकचे आवरण पोलादी कड्यावर चढवलेले असते. तापमान बदलले की ते पोलादाच्या कितीतरी पट प्रसरण-आकुंचन पावते, हे एक स्पष्टीकरण. दुसऱ्यानुसार, प्लॅस्टिसायझर म्हणजे मऊपणा देणारे द्रव्य उडून गेल्याने आवरण आकसते, पण आतले कडे आकसत नाही. तडे कड्याला आडवे जातात, ते दोन्हींशी जुळते. मात्र सावलीत स्थिर तापमानात ठेवलेली स्टिअरिंगची चाकेही तडकतात, म्हणून दुसऱ्या कारणाला अधिक महत्त्व द्यावे लागते. तडा पोलादापर्यंत पोचला, की आधी गंज काढून मगच इपॉक्सी भरतात.

द्रव्य ओळखल्याशिवाय उपचार करू नये. सेल्युलोज ॲसिटेट कुजताना व्हिनेगरसारखा वास येतो. सुटणारे आम्ल कुजणे आणखी वाढवते, त्यामुळे असा भाग वेगळा व हवेशीर ठेवतात. पीव्हीसीचे उलट : ते चिकट होऊ लागले, तर बंद डब्यात ठेवल्याने प्लॅस्टिसायझर कमी उडते. ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसल्यास त्यावर केसांसारख्या बारीक भेगा पडतात; त्या बहुधा स्क्रूच्या छिद्रापासून सुरू होतात, कारण तिथे ताण साठलेला असतो. बेकेलाइट घासून चमकवण्याचा मोह आवरावा. वरचा रेझिनचा थर गेला की आत भराव म्हणून घातलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो, आणि उष्णतारोधक भागांत हा भराव कधीकधी ॲस्बेस्टॉस या घातक तंतूचाही असतो.

एबीएस या कडक प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोन या द्रावकाने सांधता येतात. सांधा पक्का होतो, पण तो पुन्हा सोडवता येत नाही. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाच्या तुरीन सनदेतील (२०१२) जतनाची भूमिका मानणाऱ्यांना हे खटकते.

आसनांतील पॉलियुरेथेन फेसाचा (फोमचा) दमट हवेत भुगा होतो. आवरण राखून फेस बदलणे, एवढेच सहसा केले जाते.