गरोदरपणातील धूम्रपान

गरोदरपणातील धूम्रपान : गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतच्या काळात स्त्रीने सिगारेट किंवा अन्य प्रकारे तंबाखूचा धूर ओढणे. गर्भाला होणाऱ्या ज्या हानी टाळता येण्याजोग्या असतात, त्यांच्या कारणांत याचे स्थान फार वरचे आहे. हानीविषयी वैद्यकशास्त्रात आता मूलभूत मतभेद उरलेला नाही. समाजाचा दृष्टिकोन मात्र दोन पिढ्यांत बेफिकिरीकडून कठोर दोषारोपाकडे गेला असून, या दोषारोपाचाही परिणाम अखेर आई आणि बाळ या दोघांनाच सोसावा लागतो.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आईच्या रक्तातून तो वारेवाटे, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवातून, गर्भाकडे जातो आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही वाढते. परिणामी गर्भाला सतत थोडा कमी ऑक्सिजन मिळत राहतो. निकोटीनही वार सहज ओलांडते, रक्तवाहिन्या आकसवते आणि घडत असलेल्या मेंदूवर व फुप्फुसांवर थेट परिणाम करते. यातून गर्भाची वाढ खुंटते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरीने सुमारे १५० ते २५० ग्रॅम कमी भरते. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, वार वेळेआधी सुटणे, अकाली प्रसूती, मृतजन्म, दुभंगलेला ओठ किंवा टाळू आणि जन्मानंतर झोपेत होणारा शिशूचा अकस्मात मृत्यू यांचा धोकाही वाढतो. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा एक गंभीर विकार धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत काहीसा कमी आढळतो, ही नोंद खरी आहे. परंतु वरील हानींपुढे तिचे वजन नगण्य आहे आणि धूम्रपानाच्या समर्थनार्थ ती पुढे करणे गैर आहे.

हे ज्ञान सहजासहजी मान्य झाले नाही. १९५७ मध्ये विनिया सिम्पसन यांनी कॅलिफोर्नियातील प्रसूतींच्या नोंदी तपासून, धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे अधिक प्रमाणात कमी वजनाची जन्मतात, असे दाखवून दिले. त्यावर आक्षेप असा होता की, हा दोष धुराचा नसून, ज्या प्रकृतीच्या स्त्रिया सिगारेटकडे वळतात त्या प्रकृतीचा असावा. संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ मध्ये आणखी एक कोडे मांडले : केवळ कमी वजनाच्या बाळांचीच तुलना केली, तर धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे अधिक संख्येने जगतात. या कोड्याने अनेक वर्षे संभ्रम टिकवून ठेवला, म्हणून त्याचा उलगडा नीट समजून घ्यायला हवा. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीचे बाळ अगदी लहान जन्मले, तर त्यामागे बरेचदा जन्मजात व्यंगासारखे अधिक गंभीर कारण असते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीचे बाळ मात्र निव्वळ धुरामुळेही लहान राहिलेले असू शकते. तुलना फक्त लहान बाळांपुरती ठेवली की पहिल्या गटात आधीच जास्त आजारी बाळे गोळा होतात आणि धूर निरुपद्रवी भासतो. सर्व बाळांची तुलना केली की हा भास नाहीसा होतो.

१९७१ मध्येच फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे प्रमुख जोसेफ कलमन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत बाळे लहान जन्मतात हे मान्य केले. पण ती तितकीच निरोगी असतात आणि काही स्त्रियांना लहान बाळच हवे असेल, असेही ते म्हणाले. लहान बाळ म्हणजे सोपे बाळंतपण, हा समज आजही ऐकू येतो आणि तो घातक आहे. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधील एका आठवड्यात झालेल्या सुमारे १७,००० जन्मांच्या माहितीचे विश्लेषण १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या महिन्यानंतरही धूम्रपान चालू राहिल्यास गर्भाच्या उत्तरकालीन आणि नवजात बाळाच्या मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. प्रकृतीच्या आक्षेपाला निर्णायक उत्तर १९८४ मध्ये मेरी सेक्स्टन आणि रिचर्ड हेबेल यांच्या प्रयोगाने दिले. गरोदर स्त्रियांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून एका गटाला धूम्रपान सोडण्यासाठी मदत देण्यात आली, तेव्हा त्या गटातील बाळे सरासरीने ९२ ग्रॅम अधिक वजनाची जन्मली.

बालपणातील परिणामांविषयी बोलताना अधिक सावधगिरी हवी. श्वास घरघरणे, दमा आणि फुप्फुसांची कमी क्षमता यांचा संबंध पक्का आहे. अतिचंचलता व वर्तनसमस्यांबाबत मात्र, एका गरोदरपणी धूम्रपान केलेल्या आणि दुसऱ्या गरोदरपणी न केलेल्या एकाच आईच्या मुलांची तुलना केली असता हा संबंध बराच फिका पडतो. म्हणजे त्यातील मोठा वाटा कुटुंबाच्या परिस्थितीचा आणि आनुवंशिकतेचा असावा. मुलाच्या प्रत्येक अडचणीचे खापर आईच्या सिगारेटवर फोडण्याला त्यामुळे आधार राहत नाही.

एके काळी डॉक्टरही गरोदर स्त्रीला ‘एकदम सोडू नका, ताण येईल, दिवसाला चार-पाचच ओढा’ असे सांगत. आता परिस्थिती उलटली आहे. सिगारेट हातात असलेल्या गरोदर स्त्रीला अनोळखी माणसेही जाब विचारतात. सवय मात्र दटावणीने सुटत नाही, ती लपवली जाते. स्कॉटलंडमधील एका अभ्यासात रक्तातील कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ, मोजला गेला, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या सुमारे एक चतुर्थांश गरोदर स्त्रियांनी ते सांगितलेच नव्हते, असे आढळले. जी स्त्री सांगत नाही, तिला मदतही मिळत नाही. ज्या देशांत धूम्रपान प्रामुख्याने गरीब, एकाकी आणि मानसिक ताणाखालील स्त्रियांत उरले आहे, तिथे दोषारोपाचा भार आधीच वाकलेल्या खांद्यांवर पडतो. घरात धूम्रपान करणारा पती क्वचितच त्याचा वाटेकरी ठरवला जातो; वास्तविक त्याचा धूरही गर्भापर्यंत पोहोचतो आणि पत्नीला सवय सोडणे जड जाण्याचे ते एक मोठे कारण असते.

इंग्लंडमध्ये प्रसूतिपूर्व तपासणीत सर्वच स्त्रियांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची पद्धत आहे. स्त्री काही सेकंद श्वास रोखून धरते, मग नळीत सावकाश फुंकते आणि पडद्यावर आकडा उमटतो. दहा लाखांत ४ भाग किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर तिला धूम्रपानमुक्तीच्या सेवेकडे पाठवले जाते. सदोष शेगडीमुळेही आकडा वाढू शकतो, म्हणून सुईणीने पहिला प्रश्न आरोपाच्या सुरात न विचारणे महत्त्वाचे असते.

पहिल्या १५ आठवड्यांत सोडल्यास जन्मवजन व अकाली प्रसूतीचा धोका धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांइतकाच राहू शकतो. त्यानंतर सोडल्यानेही फायदा होतोच. गरोदरपणी शरीर निकोटीनचा निचरा वेगाने करते, त्यामुळे सवय सोडवण्यासाठी त्वचेवर लावायच्या निकोटीनच्या पट्ट्या अपेक्षेपेक्षा कमी उपयोगी पडतात. समुपदेशनाला आर्थिक प्रोत्साहनाची जोड अधिक परिणामकारक ठरते : ग्लासगो येथील ६१२ गरोदर स्त्रियांवरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खरेदीची कुपने देऊ केलेल्या गटातील २२.५ टक्के स्त्रियांनी धूम्रपान सोडले, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ८.६ टक्के होते. प्रसूतीनंतर मात्र यांपैकी अनेकींचे धूम्रपान पुन्हा सुरू होते, कारण बहुतेक सेवा बाळाच्या जन्माबरोबरच संपतात, तर रात्रीची जागरणे आणि घरातील दुसऱ्या माणसाची सिगारेट त्यानंतरही चालूच राहते.