स्नॉर्केलिंग की स्कूबा : मालवणच्या उथळ पाण्यात मासा कशात दिसतो?

दिवाळीची सुट्टी लागली की जळगाव, भुसावळ, धुळ्याची कितीतरी घरं मालवणची वाट धरतात. परत आलेल्या माणसाला कट्ट्यावर पहिला प्रश्न, "काय भो, मासे दिसले का?" मग मोबाइल बाहेर निघतो, व्हिडिओ फिरतो आणि 'स्कूबा केलं' असं सांगितलं जातं. त्या व्हिडिओत पुष्कळदा लाइफ जॅकेट घालून पाण्यावर उपडं तरंगणारा माणूस दिसतो. ते स्कूबा नाही, स्नॉर्केलिंग आहे. गल्लत होणं साहजिकच आहे. दोन्ही एकाच बोटीवर, एकाच पॅकेजात मिळतात आणि डोळ्यांवर मास्क दोन्हीत असतो. त्यामुळे स्कूबा म्हणजे जरा खोलवरचं, जरा महागाचं स्नॉर्केलिंग, असा समज घट्ट बसला आहे. मासे बघायला जायचं असेल तर तो आधी सोडा. दोन्हीत मासा वेगळ्या बाजूने दिसतो, तो शोधायची रीत वेगळी आहे आणि श्वासाचा नियम तर थेट उलटा.

स्नॉर्केल म्हणजे साधारण दीड-दोन वीत लांब, वाकडी नळी. तोंड पाण्यात, नळीचं टोक पाण्यावर, हवा वरचीच. नळी आणखी लांब केली तर खोल जाता येईल असं वाटतं, पण येत नाही. मीटरभर खाली गेलं तरी पाण्याचा दाब छातीवर इतका येतो की वरची हवा आत ओढणं जड जातं. स्कूबात हवा पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली असते आणि आपण असू त्या खोलीच्या दाबाने ती तोंडात येते. टाकीत बहुतेक वेळा आपली नेहमीचीच हवा असते. 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणायची सवय आहे, पण निव्वळ ऑक्सिजन ५-६ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

आता श्वास. स्नॉर्केलिंगमध्ये खाली बुडी मारायची तर श्वास रोखावाच लागतो, आणि वर येताना तो रोखलेला असला तरी बिघडत नाही, कारण हवा वरच भरून घेतलेली असते. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नाही. खालच्या दाबाने भरलेली हवा वर येताना फुगते. छाती भरून, श्वास धरून दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. आपल्याकडे विहिरीत आणि तापीच्या डोहात पोहायला शिकलेली माणसं पाण्यात शिरली की आपोआप श्वास धरतात. स्कूबात ही सवय घातक आहे. उतरण्यापूर्वी प्रशिक्षकाला तसं सांगून ठेवा. बुडी मारणाऱ्यांसाठीही एक सूचना : आधी भराभर दहा-वीस श्वास घेऊन मग बुडी मारू नका. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, श्वास घ्यायची हाक देणारा कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

आता मुख्य विषय, मासा. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरून पाहणाऱ्याला पाठ तळाच्या खडकात मिसळलेली दिसते, खालून पाहणाऱ्याला पोट आकाशाच्या उजेडात. स्नॉर्केलिंग करणारा नेमका चुकीच्या बाजूला, म्हणजे वर असतो. 'खाली काहीच नव्हतं' असं म्हणून लोक परत येतात, तेव्हा खाली पुष्कळ काही असतं. वरून मासा शोधायचा तर माशाऐवजी त्याची सावली शोधायची. ऊन वर आलेलं असलं आणि तळाला वाळू असली की सावली स्पष्ट पडते. सावली हलली की तिच्या जरा वर नजर न्यायची. दुसरी खूण चमक : मासा खडकावरचं शेवाळ खरवडायला कुशीवर वळतो तेव्हा पोट लकाकतं. तेवढ्या क्षणी जागा हेरायची आणि तिथेच हातपाय न हलवता तरंगत राहायचं.

जागा कोणती निवडायची, हे दोन्हीत सारखं आहे. उघड्या वाळूवर किंवा सपाट खडकावर मासे विरळ असतात. खडक संपून वाळू सुरू होते त्या काठाला गर्दी असते. शेताच्या बांधावर जशी पाखरं, तसं ते. तिथे खायला मिळतं आणि लपायला भेगही जवळ असते.

स्कूबात तुम्ही माशाच्या पातळीवर येता, आणि जे वरून पाठ म्हणून दिसत होतं त्याची कूस दिसायला लागते. मालवणात हमखास भेटतो तो पिवळसर पाठीचा, अंगावर पाच काळे उभे पट्टे असलेला सार्जंट मेजर. एखादा खडकाच्या एकाच जागेभोवती घिरट्या घालत असेल, जवळ आलेल्या दुसऱ्या माशावर धावून जात असेल, तर त्या खडकावर बारकाईने बघा. जांभळट ठिपक्यांचा दाट थर दिसला तर ती अंडी. राखण करणारा नर असतो. तांदळाच्या कण्यांसारखी बारीक अंडी, त्यावरून पंखांनी पाणी ढवळणारा बाप आणि टपून बसलेले लहान मासे, एवढंच बघत राहिलं तरी उतरल्याचं सार्थक होतं. वरून हा मासा नुसता गोल फिरताना दिसतो.

भेगेतला गोबरा (ग्रूपर) स्कूबातच सापडतो. सबंध मासा शोधत बसाल तर दिसणार नाही. अंधारात जाड ओठ आणि हलणारा डोळा शोधायचा. डोळ्याच्या बाबतीत फुलपाखरू मासे मात्र फसवतात. खऱ्या डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला आणि काही जातींत शेपटीजवळ डोळ्यासारखा खोटा ठिपका, त्यामुळे मासा कुठल्या दिशेला निघेल तेच कळत नाही. वाळूत पुरून बसलेले पाकट (स्टिंग रे) आणि चपटा लेपा ओळखायलाही डोळेच उपयोगी; बाकीचं अंग वाळूच्या रंगाचं.

मग स्कूबाच चांगलं का? माझं मत तसं नाही. स्कूबात दर श्वासाला बुडबुड्यांचा आवाज होतो आणि बुजरे मासे भेगेत शिरतात. स्नॉर्केल शांत असतं. दहा मिनिटं गप्प तरंगलात तर मासे तुम्हाला विसरून आपल्या उद्योगाला लागतात. रंगाचंही तेच. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं, चार-पाच मीटरवरच तांबडा मासा मळकट दिसायला लागतो. दीड-दोन मीटर पाण्यात तोच तांबडा दिसतो. शिवाय पर्यटकांच्या स्कूबात वेळ थोडा असतो आणि प्रशिक्षक टाकी धरून तुम्हाला फिरवत राहतो. उतरण्यापूर्वीच त्याला सांगा, मला फिरवू नका, एका खडकापाशी थांबवा. आणि खाली खुशीने अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे, आणि तो तुम्हाला वर नेईल. 'ठीक आहे' साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

पोहता न येणाऱ्याने काय करावं? लाइफ जॅकेट घालून तरंगण्याइतपत स्नॉर्केलिंग त्यालाही जमतं. खालचं बघायचं असेल तर प्रशिक्षकाच्या हातातलं स्कूबा हाच मार्ग. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही एक जपावं लागतं : विहिरीतले जोरदार पाय समुद्रात मारले की वाळू उठते आणि पाणी गढूळ होतं. खारं पाणी अंगाला जास्त उचलून धरतं, पायांना काम कमीच द्या.

कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दुखतात, कारण दाब प्रमाणाने सगळ्यांत झपाट्याने वरच्याच पाण्यात बदलतो. नाक चिमटून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच. सर्दी असेल तर उतरू नका. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. नाकाखालचा केसांचा वरचा काठ जरा कातरून घेतला की काच नीट बसते. काचेतून मासा खऱ्यापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने मोठा दिसतो, हे व्हिडिओ दाखवताना लक्षात असू द्या.

माशांना पाव, बिस्किटं टाकून गोळा केलं जातं, त्याला नकार द्या. पावावर तुटून पडणारे धीट मासे तेवढे दिसतात, बाकीचे दूर जातात, आणि मासा शोधण्याची गोष्टच उरत नाही. मालवणचा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य झाला आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दमलो म्हणून त्यावर उभं राहणं म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं काही क्षणात मोडणं.

पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत नितळ असतं. सकाळचा वेळ धरा, दुपारी वारा सुटतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिच्या तोंडाजवळ ओहोटीला पाणी गढूळ, भरतीला बरं.

दोन्ही करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन स्कूबानंतर लगेच उंचावर गेलं तर त्रास देऊ शकतो, आणि आपला परतीचा रस्ता सह्याद्री चढूनच जातो. आंबोली घाटातलं आंबोली गाव सुमारे ६९० मीटरवर आहे. पर्यटकांची बुडी उथळ आणि थोडा वेळ असल्याने धोका कमी, तरी रात्रभराचं अंतर ठेवलेलं चांगलं. म्हणून पहिल्या दिवशी स्कूबा घ्या, निघायच्या सकाळी स्नॉर्केल. त्याला घाटाची अडचण नाही.