उपहास इकडे, अपहास्य तिकडे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी आणि कन्नड पेपर एकाच दुकानात मिळतात. पुढाऱ्याची कुणी खिल्ली उडवली, तर मराठीत ‘उपहास’ छापून येतो, कन्नडात ‘अपहास्य’. (बोलताना मराठी माणूस टिंगलच म्हणतो, ते सोडा.) धातू एकच, संस्कृत ‘हस्’. उपसर्ग मात्र उलटे: ‘उप’ म्हणजे जवळ, ‘अप’ म्हणजे दूर.

भरताच्या नाट्यशास्त्रात हे दोघे शेजारी सापडतात. तिथे हसण्याच्या सहा पायऱ्या आहेत. स्मित, हसित, विहसित, मग उपहसित, त्यापुढे अपहसित आणि शेवटी अतिहसित. उपहसितात नाकपुड्या फुगतात, नजर तिरकी होते, खांदे आणि डोकं आक्रसतं. हे मध्यम प्रकृतीच्या पात्रांचं हसू. अपहसित अधमांचं: नको तिथे हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा हलणं. इथे मोजमाप आहे ते नटाच्या शरीराचं, टवाळीचं नाही. तरी ती तिरकी नजर मला बोलकी वाटते. ‘उपहस्’चा टर उडवणे हा अर्थही संस्कृतात जुनाच आहे.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, हसण्यासाठी आणखी एक धातू दिलाय, ‘कख’. तो मराठीत रुळला नाही. ग्रीकमध्ये ‘काखाझो’, लॅटिनमध्ये ‘काखिन्नारे’ ही त्याच आवाजाची क्रियापदं. ही हसण्याच्या आवाजाची नुसती नक्कल आहे, आणि नकलेला कारण आहे. हसताना उच्छ्वासाचे तुकडे पडतात; हसण्यावर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या मोजणीत एकेक तुकडा साधारण ७५ मिलिसेकंदांचा आणि दोन तुकड्यांच्या सुरुवातींमधलं अंतर सुमारे २१० मिलिसेकंदांचं निघालं. म्हणजे सेकंदाला जवळपास पाच. मोकळा श्वास ‘ह’ होतो, घशाशी अडला की ‘ख’. आपलं ‘खो खो’ आणि ‘खी खी’ त्यातलंच.

खुद्द आवाजावरून टवाळी ओळखता येते का? जर्मन संशोधकांनी नटांकडून आनंदाचं, गुदगुल्यांचं, दुसऱ्याच्या फजितीचं आणि टवाळीचं हसू हसवून घेतलं, आणि ते ऐकणाऱ्यांपुढे ठेवलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लोकांनी निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून बरंच अचूक ओळखलं.

कन्नडचा घरचा शब्द मात्र ‘नगु’. तमिळमध्ये ‘नगै’, तेलुगूत ‘नव्वु’. यात ना ह, ना ख. बाजारात पोराला दटावताना ‘नगब्याड’ म्हणतात ते याच धातूवरून, आणि हसं झालेल्या माणसाला ‘नगेपाटलु’ म्हणतात तेही.