चेंडू पुढे गेला, तरी पास मागेच होता

सिडनीत 6 ऑक्टोबर 2019 रोजी झालेल्या ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या अंतिम सामन्यात शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स यांची 8-8 अशी बरोबरी होती. चेंडू कॅनबेराकडे होता. पंचांनी हात हलवून त्यांना नव्याने सहा टॅकल (चेंडू घेऊन जाणारा पकडला जाण्याचे प्रसंग), म्हणजे चेंडू आणखी काही काळ आपल्याकडे ठेवण्याची संधी, मिळाल्याचा इशारा केला आणि काही क्षणांतच तो मागे घेतला. इशाऱ्यावर विसंबलेला खेळाडू चेंडू घेऊन सरळ अंगावर गेला, टॅकल झाला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. थोड्याच वेळात रूस्टर्सनी ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, आणि सामना 14-8 असा संपला. 1994 नंतर पुन्हा विजेतेपदाची वाट पाहणारे कॅनबेराचे चाहते त्या इशाऱ्याविषयी पोटतिडकीने बोलतात, आणि त्यांचा राग रास्त आहे, कारण तो इशारा दिला गेला होता हे कोणालाच नाकारता येत नाही.

परंतु या खेळात निसटत्या पराभवानंतर एक दुसराच वाद वरचेवर रंगतो, आणि तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी अधिक रोचक आहे. हा वाद फॉरवर्ड पासचा, म्हणजे हाताने पुढे फेकलेल्या चेंडूचा. त्यात दोन प्रामाणिक माणसे एकच चित्रफीत पाहतात, एक म्हणतो चेंडू पुढे गेला, दुसरा म्हणतो मागे गेला, आणि दोघांचेही निरीक्षण अचूक असू शकते.

खेळाची ओळख थोडक्यात करून द्यायला हवी. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी खेळली जाते ती रग्बी युनियन. रग्बी लीग हा तिचा भाऊबंद इंग्लंडमध्ये 1895 साली, खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही या भांडणातून वेगळा झाला. लीगमध्ये प्रत्येक बाजूला 13 खेळाडू असतात आणि सहा टॅकल झाल्या की चेंडू प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागतो. दोन्ही खेळांत हाताने चेंडू पुढे फेकण्यास मनाई आहे. आता प्रश्न असा, की पुढे म्हणजे कोणाच्या पुढे? रग्बी लीगच्या नियमावलीने याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले आहे: पासची दिशा पास देणाऱ्या खेळाडूच्या सापेक्ष ठरते, जमिनीवरील प्रत्यक्ष मार्गावरून ठरत नाही.

या एका वाक्यात गॅलिलिओ दडलेला आहे. बंद केबिनमध्ये बसलेल्या माणसाला जहाज स्थिर आहे की एकसमान वेगाने चालले आहे हे आतल्या कोणत्याही प्रयोगावरून ओळखता येणार नाही, असे त्याने 1632 मध्ये मांडले. धावत्या लोकलमध्ये उभ्याने वर उडवलेले नाणे आपल्याच हातात पडते, मागच्या डब्यात जात नाही, हा आपला रोजचा अनुभव त्याच तत्त्वाचा आहे. नाणे हातातून सुटते तेव्हा गाडीचा वेग त्याच्या अंगी असतोच. रग्बीतला चेंडूही हातातून सुटताना धावणाऱ्याचा वेग सोबत घेऊन जातो.

आता आकडे घालून पाहू. खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेकडे सेकंदाला 8 मीटर वेगाने धावत आहे, असे समजा. त्याने चेंडू बाजूला सेकंदाला 12 मीटर आणि स्वतःच्या मागे सेकंदाला 2 मीटर अशा वेगाने फेकला. त्याच्या दृष्टीने हा पास स्पष्टपणे मागे आहे, सरळ आडव्या दिशेपासून सुमारे साडेनऊ अंश मागे. जमिनीच्या सापेक्ष मात्र चेंडूचा पुढचा वेग 8 उणे 2, म्हणजे सेकंदाला 6 मीटर इतका उरतो. पास 0.8 सेकंद हवेत राहिला तर चेंडू 9.6 मीटर बाजूला जाईल आणि त्याच वेळी 4.8 मीटर पुढेही जाईल. आडव्या दिशेपासून जवळजवळ 27 अंश पुढे! हवेचा रोध यातून थोडेसे कमी करील, पण दिशा उलटवणार नाही. चेंडू जमिनीवरही मागेच जावा असा हट्ट धरला, तर खेळाडूला तो मागे सेकंदाला 8 मीटरपेक्षा अधिक वेगाने, म्हणजे निदान 34 अंश मागच्या दिशेने फेकावा लागेल. मग पूर्ण वेगात धावत पास देणे, म्हणजे या खेळाचा प्राणच, जवळपास अशक्य होऊन बसेल.

खरी गंमत पुढे आहे. पास दिल्यानंतर खेळाडू तसाच धावत राहिला, तर 0.8 सेकंदात तो 6.4 मीटर पुढे जातो आणि चेंडू त्याच्या 1.6 मीटर मागे राहतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही खटकत नाही. पण चेंडू सोडता क्षणी त्याला टॅकल बसला आणि तो जागच्या जागी थांबला, तर तोच चेंडू, त्याच वेगाने, त्याच दिशेने गेलेला, त्याच्या 4.8 मीटर पुढे झेलला जातो. पासमध्ये तसूभरही फरक नाही, फरक पडला तो फक्त फेकणाऱ्याच्या पुढच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात. असे असूनही पहिल्या चित्रफितीवर कोणी अवाक्षर काढणार नाही आणि दुसरीवर स्टेडियम पेटून उठेल.

दूरचित्रवाणीवरील संथ पुनर्प्रक्षेपण हा भ्रम अधिकच वाढवते. मैदानावर दर दहा मीटरवर पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात, डोळा आपोआप त्यांचाच आधार घेतो, आणि त्या रेषा तर जमिनीच्या संदर्भचौकटीला खिळलेल्या असतात. चित्र थांबवले की धावणाऱ्याचा वेग दिसेनासा होतो आणि उरते फक्त स्थान. ज्या राशीवर निर्णय अवलंबून आहे तीच पडद्यावरून पुसली जाते. शिवाय कॅमेरा तिरकस कोनात असेल तर समांतर रेषाही एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. म्हणूनच, माझ्या मते, ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये चित्रफितींवरून निर्णय देणारे ‘बंकर’ हे केंद्र सुरू झाले तेव्हा फॉरवर्ड पासचा निवाडा त्याच्या अधिकाराबाहेर ठेवला गेला, हे शहाणपणाचेच होते. मैदानावरचे पंच चेंडू कुठे झेलला गेला याकडे न पाहता तो हातातून कोणत्या दिशेने निघाला हे पाहतात, आणि भौतिकशास्त्रदृष्ट्या तीच योग्य जागा आहे.

चाहत्याचे मनही तटस्थ नसते. अमेरिकेत 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. त्याची एकच फीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली गेली, तेव्हा प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग मोजले ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी मोजलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. त्यामुळे दोन गुणांनी हरल्यावर पंच विकले गेले होते असे म्हणणे, किंवा अमुक मैदान आपल्याला लाभतच नाही म्हणून ग्रहमानाला बोल लावणे, यांतले काहीही मला पुरावा म्हणून मान्य नाही.

तितकाच अवाजवी वाटतो तो कृत्रिम बुद्धिमत्ता आली की हा वाद कायमचा मिटेल हा दावा. चेंडूत संवेदक बसवला तर चेंडूचा वेग नेमका कळेल, हे खरे. पण वजाबाकीसाठी पास देणाऱ्याचा वेगही हवा, आणि तोही चेंडू सुटला त्याच क्षणाचा. व्यावसायिक खेळाडूंच्या जर्सीत दोन खांद्यांच्या मध्ये उपग्रहांद्वारे स्थान नोंदवणारे छोटे यंत्र असते. त्याने सेकंदाला दहा नोंदी घेतल्या, तर दोन नोंदींच्या मधल्या वेळात आपला खेळाडू 80 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, आणि नेमका तेवढ्यात टॅकल बसला तर त्याचा वेग निम्म्यावर आलेला असू शकतो. त्यात पास देताना धड वळलेले असते, एक खांदा पुढे, दुसरा मागे आणि मनगटांचा वेग आणखी निराळा. मग चेंडूच्या वेगातून वजा करायचा तो शरीराच्या कोणत्या भागाचा वेग? नियमावलीत पास देणाऱ्या खेळाडूच्या सापेक्ष एवढेच म्हटले आहे. त्याची छाती धरायची, खांदा धरायचा की मनगट, हे ठरवल्याशिवाय कोणत्याही संगणकाला ही वजाबाकी करता येणार नाही.