पॉप गीतांद्वारे न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राचे अध्यापन

लोकप्रिय गीतातील पात्राला आरोपी मानून त्याच्या मनोवस्थेची आणि कायदेशीर जबाबदारीची चिकित्सा करण्याची अध्यापनपद्धती. प्रत्यक्ष आरोपीची माहिती वर्गात मांडताना गोपनीयता आड येते आणि खटल्यांची कागदपत्रे अवाढव्य असतात. गाणे मात्र चार-पाच मिनिटांत संपते आणि बहुधा गुन्हेगाराच्याच तोंडून येते.

वेल्सचे गायक टॉम जोन्स यांनी १९६८ मध्ये गायलेले ‘डिलायला’ या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरते. त्यातील निवेदकाला रात्री खिडकीच्या पडद्यावर प्रेयसी डिलायला आणि परपुरुष यांच्या सावल्या दिसतात. पहाटे तो पुरुष गाडीतून निघून जाईपर्यंत तो थांबतो, रस्ता ओलांडून तिच्या दारी जातो, ती हसते आणि तो तिला सुरीने भोसकतो. येथे पहिला प्रश्न मत्सर हा विकार आहे का, असा येतो. जोडीदार खरोखर प्रतारणा करीत असला, तरी संशयाचा आधारच विपरीत असेल तर तो भ्रम ठरू शकतो, ही विद्यार्थ्यांना हमखास चकवणारी बाब आहे; या निवेदकाने मात्र सावल्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. दुसरा प्रश्न मनोविकाराच्या आधारे बचाव कधी मिळतो हे ठरवणाऱ्या, इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांचा: मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते गैर आहे, हे त्याला कळत नव्हते काय? लोक दार फोडायला येण्यापूर्वीच तो क्षमा मागतो, त्यामुळे हा बचाव लंगडा पडतो. उरतो चिथावणीचा, म्हणजे अचानक भडकावले गेल्याने भान सुटल्याचा मुद्दा, आणि तेथे रात्रभराची प्रतीक्षा त्याच्या विरुद्ध जाते. पत्नीच्या प्रियकराला नौदल अधिकाऱ्याने गोळ्या घातल्याच्या, मुंबईतील १९५९ च्या नानावटी प्रकरणातही चिथावणी आणि गोळीबार यांमधील सुमारे तीन तास मन थाऱ्यावर येण्यास पुरेसे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले होते.

पाठलागाचा विषय शिकवण्यास अमेरिकन रॅपगायक एमिनेमचे ‘स्टॅन’ (२०००) सोयीचे आहे. चाहत्याच्या पत्रांतील लाडिक सूर उत्तर न आल्याने रागाकडे झुकतो आणि शेवटचा निरोप भरधाव मोटारीत कॅसेटवर ध्वनिमुद्रित होतो. धोक्याची चढती पायरी इतक्या स्पष्टपणे क्वचितच ऐकू येते. ‘आय डोन्ट लाइक मंडेज’ (१९७९) हे गीत त्याच वर्षी सॅन डिएगो येथील शाळेवर एका सोळा वर्षांच्या मुलीने केलेल्या गोळीबारावर आधारलेले आहे. तिने पत्रकाराला दिलेले कारण गाण्याचे शीर्षक झाले, पण आरोपीने सांगितलेले कारण आणि गुन्ह्याची खरी प्रेरणा एकच असते असे नाही.

पद्धतीचा मोठा दोष असा की, बळीची बाजू ऐकूच येत नाही; डिलायला केवळ हसते. स्त्रीवरील हिंसेच्या या विषयामुळेच वेल्समधील रग्बी सामन्यांत गायकवृंदांनी हे गीत गाण्यावर तेथील रग्बी संघटनेने २०२३ मध्ये बंदी घातली. शिवाय निदान पात्रापुरते ठेवावे लागते, कारण न तपासलेल्या प्रसिद्ध व्यक्तीविषयी जाहीर व्यावसायिक मत देणे अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९७३ च्या ‘गोल्डवॉटर नियमा’त बसत नाही. गीतातील ‘मी’ म्हणजे गायकच, ही गल्लत न्यायालयांतही होते; म्हणूनच रॅपगीतांचे शब्द पुरावा म्हणून वापरण्यावर कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायद्याने मर्यादा घातल्या.