अर्जेंतोचे दोन ‘ऑपेरा’: एकाला कादंबरीचे नाव, दुसऱ्यात कादंबरीचा गाभा

दारियो अर्जेंतो या इटालियन भयपट दिग्दर्शकाने ऑपेरागृहात घडणारे दोन चित्रपट केले: १९८७चा ‘ऑपेरा’ आणि १९९८चा ‘द फँटम ऑफ दि ऑपेरा’. दिग्दर्शक तोच, छायाचित्रणकार रॉनी टेलर तोच आणि दोन्हींत तरुण गायिकेच्या मागे लागलेला, अंधारात वावरणारा एक पुरुष आहे. त्यामुळे एका चित्रपटाचे वर्णन दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जाते. गास्तों लेरूच्या १९१०च्या गॉथिक कादंबरीचे अधिकृत रूपांतर यांपैकी फक्त दुसरा आहे. मात्र कादंबरी वाचून हे चित्रपट पाहिले, तर तिच्याशी खरे नाते पहिल्याचे आहे असे माझे ठाम मत बनते.

लेरूचा एरिक, म्हणजेच फँटम, जन्मतः विद्रूप आहे. पॅरिसच्या ऑपेरागृहाखालील तळघरात, एका तळ्यापलीकडे तो मुखवटा घालून राहतो. तरुण गायिका क्रिस्टीनला आधी भेटतो तो त्याचा आवाज. दिवंगत वडिलांनी पाठवण्याचे वचन दिलेला ‘संगीताचा देवदूत’ तो हाच, अशी तिची समजूत होते. प्रमुख गायिका कार्लोटाला बाजूला सारून एरिक तिची जागा क्रिस्टीनला मिळवून देतो आणि त्याची किंमत मागतो. न दिसणारा आश्रयदाता, दुसरी बाजूला झाल्याने मिळालेली संधी आणि मृत पालकाची सावली या तीन धाग्यांवर कथा उभी आहे.

१९९८च्या चित्रपटात पात्रांची नावे, पॅरिस, तळघर आणि कोसळणारे झुंबर हे सगळे जागच्या जागी आहे. परंतु ज्युलियन सँड्सने रंगवलेला फँटम देखणा आहे, त्याचे केस लांब आहेत आणि तो मुखवटा वापरत नाही. तान्हेपणी गटारात सोडून दिलेल्या या मुलाला उंदरांनी वाढवले आहे, आणि आसिया अर्जेंतोच्या क्रिस्टीनशी तो न बोलता, थेट मनातून संवाद साधतो. पटकथेत अर्जेंतोसोबत रोमान पोलान्स्कीचा जुना सहलेखक जेरार ब्राश होता, संगीत एन्नियो मोरिकोनेचे होते आणि चित्रीकरणासाठी बुडापेस्टचे भव्य ऑपेरागृह मिळाले होते. एवढे सगळे जमून येऊनही चित्रपटातली भीती विरून जाते, कारण लेरूने ती चेहऱ्यात आणि आवाजात ठेवली होती आणि येथे नेमक्या त्याच दोन गोष्टींचे काम उरलेले नाही. क्रिस्टीन कुतूहलाने मुखवटा ओढते तो कादंबरीतला क्षण या कथेत घडूच शकत नाही.

‘ऑपेरा’मध्ये लेरूचे एकही पात्र नाही. व्हेर्दीच्या ‘मॅकबेथ’ या ऑपेराची प्रमुख गायिका मोटारीच्या धडकेने जखमी होते, आणि लेडी मॅकबेथची भूमिका बेट्टी या नवख्या मुलीकडे येते. पहिल्याच प्रयोगात ती जिंकते आणि त्याच रात्रीपासून खून सुरू होतात. खुन्याचा संबंध बेट्टीच्या दिवंगत आईशी, एका नामवंत गायिकेशी आहे. म्हणजे कादंबरीतले तिन्ही धागे येथे आहेत, फक्त वडिलांच्या प्रेमळ वचनाच्या जागी आईचा क्रूर वारसा आला आहे. कादंबरी अशी पचवून, तिचे नावही न घेता नव्याने मांडणे, यालाच मी कलात्मक रूपांतर म्हणेन.

खुनी बेट्टीला बांधतो, तिच्या डोळ्यांखाली सुयांची ओळ चिकटवतो आणि समोर दुसऱ्याचा खून करतो. पापणी मिटली तर सुया टोचणार, म्हणून तिला पाहावेच लागते. कॅमेरा मध्येच तिच्या डोळ्यांच्या जागी जातो आणि त्या सुयांच्या गजांआडून खून आपल्यालाही पाहावा लागतो. भीतिदायक दृश्यांच्या वेळी प्रेक्षक डोळे मिटतात याचा राग येऊन ही कल्पना सुचल्याचे अर्जेंतोने सांगितले आहे. लेरूची नायिका पाहू नये ते स्वतःहून पाहते. बेट्टीला ते बळजबरीने दाखवले जाते. माझ्या दृष्टीने कादंबरीच्या त्या मुखवट्याच्या प्रसंगाला चित्रपटमाध्यमाने दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

दुसरे अविस्मरणीय दृश्य डोमकावळ्यांचे आहे. आपल्या सोबत्यांना मारणाऱ्याला ते विसरत नाहीत, म्हणून खुनी ओळखण्यासाठी त्यांना भर प्रयोगात सोडले जाते. पार्मा शहरातल्या तेआत्रो रेज्यो या ऑपेरागृहाच्या छताखाली घिरट्या घालत कॅमेरा त्यांच्या नजरेने प्रेक्षकांवरून झेपावतो. हे टिपणाऱ्या टेलरला त्याआधी ‘गांधी’साठी बिली विल्यम्ससोबत ऑस्कर मिळाले होते, आणि ‘गांधी’त चार्ली अँड्र्यूज झालेला इयान चार्ल्सन येथे ऑपेरा बसवणाऱ्या भयपट-दिग्दर्शकाच्या भूमिकेत आहे. ती भूमिकाही अर्जेंतोच्या अनुभवातून आलेली आहे: इटलीतल्या मचेराता येथे ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा बसवण्याचे त्याचे काम प्रत्यक्षात येऊ शकले नव्हते.

त्यामुळे सुया किंवा डोमकावळे आठवत असतील तर तो १९८७चा चित्रपट, आणि उंदीर व झुंबर आठवत असेल तर १९९८चा. कादंबरीच्या वाचकाने मात्र आधी ‘ऑपेरा’च पाहावा.